मंगळवारची आडवी रेघ

थोरल्याचं, म्हणजे मोठ्या मुलाचं, एक वागणं आक्काच्या डोक्यात गेलं होतं. त्याच्या बहिणीचा नवरा जाऊन तेवीस दिवस झाले, आणि या तेवीस दिवसांत त्याने एक संध्याकाळ चुकवली नव्हती. कारखान्यातून सुटला की सरळ बहिणीच्या दारात. हातात फळांची पिशवी, भाचीला काहीतरी खेळणं. सिलिंडर संपला तर स्वतः खांद्यावरून आणायचा. शेजारणी म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. पण बहिणीने पाण्याचा पेला पुढे केला की याचं ठरलेलं, "नको, आत्ताच प्यालो." चहा नको, सरबत नको, साधा घोट पाणी नको. खुर्चीच्या टोकावर टेकायचा, जमिनीकडे बघत दहा मिनिटं काढायचा आणि उठायचा.

"रोज कुठल्या विहिरीवर पाणी पिऊन येतो म्हणावं हा? मलाही दाखव एकदा," आक्का लेकीला म्हणाली.

लेकीचं बोलणं नवऱ्याबरोबरच गेलं होतं.

आक्का म्हणजे विजेच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची मालकीण. कागदावर नव्हती, पण कागद कोण बघतो. अठरा वर्षं सहाशे माणसांचं जेवण तिच्या हाताखालून जात होतं. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. सही करताना जीभ बाहेर यायची. पण कुणाच्या घरी काय शिजतं, कोण उपाशी कामावर आलाय आणि कोण दुसऱ्याचं ताट ओढतो, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. नवरा लवकर गेला. दोन्ही पोरं तिने याच चुलींवर वाढवली. थोरला इंजिनिअर झाला आणि त्याच कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बसला, तेव्हा तिने साखर वाटली नाही, पेढे वाटले नाहीत; फक्त त्या दिवशी रश्शात पाणी कमी घातलं. लेक दिली ती कारखान्यातल्याच फिटरला. थोरला तेव्हा नाक मुरडत होता. "फिटर?" तो म्हणाला होता. आक्का म्हणाली, "हो, फिटर. तुझे स्क्रू ढिले झाले तर घरचाच माणूस बरा."

कारखान्याचं काम तिला थोरल्यानेच समजावलं होतं. इथे कोळसा सरळ पेटवत नाहीत. बंद मनोऱ्यात अर्धपोटी हवा आणि वाफ देऊन शिजवतात. त्याचा गॅस होतो, तो धुऊन घेतात, मग तो जाळून वीज करतात. आणि त्या गॅसमधला जो कार्बन डायऑक्साइड, ज्याने म्हणे जगाला ताप चढलाय, तो आधीच वेगळा काढायचा, दाबून नळात भरायचा आणि लांब नेऊन जमिनीच्या पोटात सोडायचा. हा वायू कोंडायचा जो भाग होता त्याला मोठं लांबलचक नाव होतं. कामगार त्याला कोंडवाडा म्हणत.

"मग एवढं चांगलं काम आहे तर रोज का नाही करत?" तिने एकदा विचारलं होतं.

"परवडत नाही गं आई. शंभर भाग कोळसा घातला तर अडतीस भाग वीज हातात येते. कोंडवाडा चालू केला की त्यातली सात तोच खातो. वायू सोडवायला वाफ, दाबायला वीज. उरली एकतीस. वर कोंडवाड्याचा खर्च वेगळा. मग वीज दीडपट महाग. घेणार कोण?"

"म्हणजे कुंपणच शेत खातं."

"तसंच," तो हसला होता. "पण कुंपण आहे म्हणून तर शेताला परवानगी मिळाली."

तेव्हा तीही हसली होती.

कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात तीन मोठे हंडे होते, दुहेरी भिंतीचे. दोन भिंतींमधून कारखान्याची वाफ खेळायची आणि तिच्यावर भात शिजायचा. वाफ भरपूर असली तर भात चाळीस मिनिटांत मोकळा. पण अधूनमधून एखादा दिवस असा यायचा की नळ पूर्ण उघडला तरी हंडा नुसता कोमट. तासभर झाला तरी तांदूळ डोळे वटारून बघतोय. वाफेच्या खात्यातला म्हातारा मुकादम छातीवर हात ठेवून सांगायचा, "आक्का, वाफ रोज तेवढीच जाते. तुमचा तांदूळच जुना."

तिचा तांदूळ काढणं म्हणजे तिची आई काढणं. तिने त्याच दिवशी कोळशाचा तुकडा उचलला आणि हंड्यांमागच्या भिंतीवर रेघा ओढायला सुरुवात केली. रोज दोन: एक सकाळच्या चहाची, एक भाताची. वाफ जोरात असली तर उभी रेघ. वाफ झोपली तर आडवी. सात दिवस झाले की एक टिंब. म्हाताऱ्याला एकदा भिंतीपुढे उभं करून तोंडघशी पाडायचं एवढाच हेतू. म्हातारा निवृत्त झाला, पण रेघा चालू राहिल्या. सवय लागली की सुटत नाही. महिन्यात पंचवीस-सव्वीस दिवस उभ्या, चार-पाच दिवस आडव्या. आडव्या कधी पडतात याचा तिने कधी विचार केला नव्हता. देवाने वारा कधी थांबवावा हे कोण विचारतं?

तो मंगळवार मोठ्या पाहुण्यांचा होता. कारखान्याची परीक्षा घ्यायला माणसं येणार होती. आदल्या दिवशीच सगळीकडे झाडलोट, रंग, झाडांच्या बुंध्यांना चुना. सकाळी नऊला जावई चहाला आला. उभ्यानेच तीन पेले प्याला; ही त्याची जुनी खोड.

"पोटात काय हौद बांधलाय का?" आक्का म्हणाली.

"हौदातच जायचंय सासूबाई," तो म्हणाला. "कोंडवाड्याच्या नळाचा व्हॉल्व्ह गळतोय. खड्ड्यात उतरून बोल्ट बदलायचेत. पाहुणे यायच्या आत."

"मग सांभाळून."

"काळजी नको. उतरायची चिठ्ठी तुमच्या थोरल्याचीच आहे. नळ रिकामा आहे म्हणून सही केलीय त्याने." आणि रिकामा पेला तिच्याकडे देत म्हणाला, "मेव्हण्याचा भरवसा नाही धरायचा तर कुणाचा?"

सव्वादहाला तिने भात चढवला. अकरा वाजले तरी पाणी तसंच. तिने वाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, नळ होता नव्हता तेवढा पिळला, आणि कोळसा घेऊन भिंतीवर आडवी रेघ ओढली. कोळसा खाली ठेवते न ठेवते तोच टकल्या रिगर धावत आला. दोर-साखळ्यांनी अवजड माल चढवणारा, जावयाचा जोडीदार. सहा फूट उंच, डोक्यावर केस औषधाला नाही. नुसता हात हलवून तो तिला बोलवत राहिला.

खड्डा दोन पुरुष खोल. जावयाला वर काढून कडेला झोपवलं होतं. अंगावर ओरखडा नाही, कपडे जागच्या जागी, हातात पाना. गाढ झोप लागावी तसा चेहरा. तिने त्याच्या गालावर दोन चापट्या मारल्या, जोरात. मग कुणीतरी तिचा हात धरला.

आठवड्याभरात कारखान्याने सांगितलं ते असं. कोंडवाडा त्या दिवशी दुपारी एकला चालू झाला. त्याआधी नळ रिकामा होता, नोंदवहीत तसं आहे, खाली शिफ्ट इंजिनिअरची सही आहे. वायूच नाही तर वायूने माणूस मरेल कसा? फिटर सुरक्षेचा कमरपट्टा न लावता उतरला होता. चक्कर आली असावी. आणि कपाटात त्याच्या कपड्यांमागे बाटली सापडली. तेव्हा काय ते समजा.

शिफ्ट इंजिनिअर म्हणजे थोरला.

आक्काने ते समजून घेतलं. हेच तिला पुढे जन्मभर टोचणार होतं. थोरल्याची सही म्हणजे तिच्यासाठी दगडावरची रेघ. लेकीने एकदाच तोंड उघडलं होतं, "आई, ते शिवायचेसुद्धा नाहीत गं." आणि आक्का, जिला माणसं चेहऱ्यावरून कळायची, ती म्हणाली होती, "पुरुषाच्या जातीचं काय सांगावं. घेतली असेल एखाद्या वेळी." लेकीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानंतर बोलणं बंद केलं.

चोविसाव्या दिवशी कारखान्यात पुन्हा पाहुणे आले. जेवायला कॅन्टीनमध्येच बसले, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथला भात बघण्यासारखा असतो. नेमका तो कच्चा राहिला. पाहुण्यांनी शितं ताटाच्या कडेला सारली. थोरला तणतणत आत आला.

"काय हे आई! आज कोंडवाडा चालू आहे माहीत नाही का? सगळी वाफ तिकडे ओढली जाते. भात तासभर आधी चढवायचास ना!"

एवढं बोलून तो गेलासुद्धा.

आक्का जागच्या जागी उभी राहिली. हातातला झारा तसाच. मग तिने कोळसा घेतला आणि भिंतीपाशी गेली. आजची आडवी रेघ ओढली. आणि बोट मागे मागे नेत गेली: एक टिंब, दोन टिंबं, तीन. मंगळवार. चहाची रेघ उभी. भाताची आडवी.

सव्वादहा ते अकरा. एक वाजता नव्हे.

तिने भाजी चिरणाऱ्या बायकांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारल्या. तेवढ्याच जोरात.

थोरल्याला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी घरात गाठलं. तो बूट घालत होता.

"त्या मंगळवारी कोंडवाडा कधी चालू केलास?"

"एकला. नोंदवहीत आहे."

"वही राहू दे. तुझ्या तोंडाने सांग. माझा भात अकराला कच्चा होता."

त्याने एक बूट घातला, दुसरा हातातच राहिला. मग त्याने सगळं सांगितलं, खाली मान घालून, लहानपणी फुटलेल्या बरणीबद्दल सांगायचा तसंच.

परीक्षेत दोन आकडे दाखवायचे होते. अडतीस भाग वीज, आणि शंभरातला नव्वद वायू कोंडला. दोन्ही एका वेळी होत नाहीत, हे कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. म्हणून सकाळी कोंडवाडा बंद ठेवून वीज मोजायची, दुपारी चालू करून वायू मोजायचा, आणि दोन्ही आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहायचे. कारखाना सुरू झाल्यापासूनची ही रीत. पण पाहुणे लवकर आले. दहाला वरून फोन आला: कोंडवाडा रुळायला वेळ लागतो, आत्ताच चालू कर. त्याने केला, अकराला माणूस सापडल्यावर बंद केला आणि एकला पुन्हा चालू केला.

"आणि चिठ्ठी? माणूस खाली होता ना?"

इथे तो रडायला लागला. माणूस खड्ड्यात उतरला की त्याची लाल चिठ्ठी कंट्रोल रूममधल्या फळ्यावर, त्याच बटणाच्या वरच्या खिळ्याला लटकवायची, आणि तो वर येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा नियम. पण पाहुणे असले की फळा साफ ठेवायचा हाही तिथला नियमच. लाल चिठ्ठ्या लटकताना दिसल्या तर पाहुण्यांना वाटतं, कारखान्यात बिघाड फार. म्हणून त्या दिवशी सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. जावयाची त्याने शर्टाच्या खिशात ठेवली. नीट घडी करून.

"मी विसरलो गं आई. खिशात होती, छातीवर होती, आणि मी विसरलो."

तो वायू हवेपेक्षा जड. खड्ड्यात पाण्यासारखा भरतो. रंग नाही, वास नाही. नुसती झोप.

आक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आई होती ती. त्या घटकेला तिने त्याला पोटाशी घेतलंही असतं.

"आणि बाटली?" तिने विचारलं.

त्याने हातातला बूट पायात चढवला.

"बाटली कुणी ठेवली रे?"

"मी नाही ठेवली. वरून कुणीतरी... पण मला माहीत होतं." मग तो भराभर बोलायला लागला. "आई, तू समजून घे. तो एक तास कागदावर आला तर दोन्ही आकडे खोटे ठरतात. एकतीसच्या हिशोबाने ही वीज कुणी विकत घेणार नाही. कारखाना बंद. सहाशे घरं आहेत. तुझं कॅन्टीन आहे. गेलेला माणूस परत येणार आहे का?"

तिने डोक्यावरचा हात काढून घेतला.

"पुढच्या शुक्रवारी चौकशी आहे," ती म्हणाली. "तुला तिथे तोंड आहे. ते उघड. मी वाट बघते."

चौकशी मोठ्या काचेच्या टेबलाभोवती झाली. मुख्य कार्यालयातून आलेला अधिकारी मध्ये, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज मधाळ. एका बाजूला थोरला, वही पुढ्यात घेऊन. भिंतीला लागून लेक आणि टकल्या. आक्काला बोलावलं ते एवढंच विचारायला की त्या सकाळी जावई चहाला आला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता का.

"येत होता," आक्का म्हणाली. "माझ्या चहाचा."

टकल्याच्या नाकातून फुर्रकन हसू निघालं आणि लगेच विझलं.

"आणखी काही सांगायचंय, बाई?"

"सांगायचंय. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. मी भातावरून तुमच्या कारखान्याची करते." आणि तिने सांगितलं. हंडे, वाफ, रेघा, मंगळवार, सव्वादहा. कुणाचं नाव घेतलं नाही. थोरल्याकडे बघितलंही नाही. त्याला जागा ठेवून ती बोलली. "भिंत इथून शंभर पावलांवर आहे. चला, दाखवते. चार वर्षांच्या रेघा आहेत. तुमचा कोंडवाडा वर्षाचे किती दिवस चालतो तेही दिसेल."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण भात शिजला नाही हा काही पुरावा होत नाही. वाफ कमी व्हायला शंभर कारणं असतात." आणि थोरल्याकडे वळून, "तुम्ही सांगा. कोंडवाडा किती वाजता चालू झाला?"

लेकीने आज पहिल्यांदा मान वर केली आणि भावाकडे पाहिलं. थोरल्याने वहीवर बोट ठेवलं.

"नोंदीप्रमाणे," तो म्हणाला, "एक वाजता."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि टंकलिखित कागद पुढे ओढला. शेवटची ओळ आधीच लिहिलेली होती. त्याने फक्त सही केली. टकल्या उठून उभा राहिला, काहीतरी बोलायला गेला, पण कुणी त्याला विचारलं नव्हतं.

आक्का उठली. टेबलाला वळसा घालून थोरल्यासमोर उभी राहिली. तो खुर्चीतून अर्धवट उठला, आईपुढे उठायची सवय म्हणून. तिने त्याला खांद्याला धरून परत खाली बसवलं. आणि बोलली, लेकीला, टकल्याला, दाराबाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"ऐक. तू विसरलास, ते मी पोटात घातलं होतं. माणूस आहे, विसरतो. पण आज तू विसरला नाहीस. आज तू आठवून आठवून खोटं बोललास, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडाला स्वतःच्या हाताने बाटली लावलीस. मीही इतके दिवस ती खरी मानली, त्याची शिक्षा मी माझी भोगेन. तुझी ही. तुझ्या कागदाला सह्या लागतात, माझ्या बोलण्याला लागत नाहीत. रोज सहाशे ताटं वाढते मी. उद्यापासून प्रत्येक ताटावर सांगेन की माझा जावई शुद्धीत खाली उतरला होता आणि माझ्या मुलाने त्याच्यावर वायू सोडला. कारखाना बंद पडायचा तर पडू दे, माझ्या हंड्यांसकट. सहाशेतलं तुझं ताट मात्र आजपासून उचललं. आणि बहिणीच्या घरचं पाणी तुझ्या घशाखाली का उतरत नव्हतं, ते आता तिलाही कळलंय. जा तिच्या दारात, नळ किती वाजता उघडलास ते तिच्या तोंडावर सांग, आणि पाणी माग. दिलं तर पी. नाही दिलं, तर तसाच तहानलेला मर."